संमेलन संपले, घरात काय उरले? कार्यक्रमाच्या भेटवस्तूंचा हिशेब

कडोली : थंडी पडली की बेळगाव तालुक्यात आणि सीमाभागात मराठी साहित्य संमेलनांचे मांडव उभे राहू लागतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी, सांबरा, तिकडे निपाणी भागात कारदगा. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, व्याख्यान, कथाकथन, कविसंमेलन. कडोलीच्या संमेलनाची परंपरा तर जवळपास चार दशकांची. याशिवाय सोसायट्यांच्या वार्षिक सभा, शाळांचे अमृतमहोत्सव, माजी विद्यार्थी मेळावे, कुस्त्यांची मैदाने, युवक मंडळांचे वर्धापनदिन. आपल्याकडे वर्षभर कार्यक्रमांना तोटा नाही.

आणि कार्यक्रम म्हटला की शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह आलेच. जमल्यास उपस्थितांना छोटीशी भेटवस्तू, तिच्यावर संस्थेचे नाव, बोधचिन्ह, तारीख. या वस्तूंवर प्रत्येक संस्थेचा थोडाफार खर्च होतोच. गावच्या कार्यक्रमात हा पैसा बहुतेक वेळा लोकवर्गणीचा असतो, सोसायटीत सभासदांचा. म्हणून प्रश्न साधा आहे. दिलेली वस्तू कार्यक्रमाची आठवण ठेवते का, की चार दिवसांत माळ्यावर जाते? आणि ठेवायची असेल तर ती कशी निवडायची?

ही पद्धत बाहेरून आलेली नाही

कंपन्यांनी नाव छापलेले मग आणि टी-शर्ट वाटायला सुरुवात केली, त्याच्या किती तरी आधीपासून मराठी घरात नाव घातलेली भेट आहे. कुठल्याही जुन्या घराच्या मांडणीवरचा तांब्या किंवा पातेले उलटे करून बघा. काठाला किंवा बुडाला बारीक ठिपक्यांनी नाव कोरलेले असते. कुणाच्या लग्नात कुणी आहेर केला, कुठल्या तारखेला. देणारे गेले, घेणारे गेले, पण नातसुनेच्या हातात ते भांडे अजून आहे आणि नाव वाचले की ‘ही कोण?’ असा विषय निघतोच.

दुसरे उदाहरण संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका वाण लुटतात. चमचा, वाटी, गाळणी, कापडी पिशवी असे काही तरी. किंमत फार नसते. पण सण ठरलेला, वस्तू रोजच्या वापरातली आणि देणारीचा हात ओळखीचा. वर्षभर गाळणी हातात घेताना ती कुणाकडची, हे बायकांना बरोबर आठवते.

तिसरे उदाहरण भिंतीवरचे. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले आणि तारीख, तिथी, सण-वार पाहण्यासाठी ते मराठी घरात कायमचे लटकले. तेव्हापासून कितीतरी बँका, पतसंस्था आणि दुकानदार आपले नाव घातलेली दिनदर्शिका ग्राहकांना देत आले आहेत. दुधाचा हिशेब, गॅस लावल्याची तारीख, मुलाच्या परीक्षेचा दिवस, सगळे त्याच कागदावर लिहिले जाते. ३६५ दिवस नाव डोळ्यासमोर राहते आणि कुणाला ते खुपत नाही.

या तिन्ही वस्तू टिकल्या त्या वापरामुळे, आणि प्रत्येकीचा प्रसंगाशी संबंध होता. नाव होते, पण ते वस्तूच्या कामात लुडबुड करत नव्हते.

कार्यक्रमाचा विषय आणि वस्तूचे नाते

हल्ली ज्याला थीम म्हणतात ते याहून वेगळे काही नाही. कार्यक्रम कशासाठी होता, या प्रश्नाचे उत्तर वस्तू हातात घेतल्यावर मिळाले पाहिजे.

आपल्या भागातल्या माणसाला हे सांगायला कुस्तीचे मैदान पुरे. जिंकलेल्या मल्लाच्या खांद्यावर गदा ठेवली की कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही. मारुतीरायाचे आयुध, तालमीतला व्यायाम आणि विजय हे सगळे त्या एका वस्तूत येते. महाराष्ट्र केसरीची मानाची चांदीची गदा मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबीयांकडून दिली जाते. रोख रक्कम खर्च होऊन जाते, पण पैलवानाच्या घरात गदा दर्शनी भागात असते. त्याच पैलवानाला काचेची ट्रॉफी दिली असती, तर ती क्रिकेटच्या ट्रॉफीशेजारी ठेवूनही कुणाला फरक कळला नसता.

जगातही मोठे कार्यक्रम करणारे हाच विचार करतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या पदकांत आयफेल टॉवरच्या मूळ लोखंडाचा १८ ग्रॅमचा तुकडा बसवलेला होता. खेळाडू घरी नेतो ते पॅरिसचा एक तुकडा. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० परिषद झाली, तेव्हा पाहुण्यांना देण्याच्या भेटीत अराकूची कॉफी, दार्जिलिंगचा चहा, सुंदरबनचा मध, काश्मिरी पश्मिना, कनौजचे अत्तर अशा एकेका प्रदेशाच्या वस्तू होत्या. खर्च सरकारी होता, तो आपल्याला झेपणारा नाही. पण त्यामागचा विचार कुणालाही झेपेल. ज्या गावात कार्यक्रम, त्या गावची वस्तू.

आठवण कशाने राहते?

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना गार पाण्यात हात बुडवायला सांगितले. एकदा फक्त ६० सेकंद. दुसऱ्यांदा ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या शेवटच्या ३० सेकंदांत पाणी किंचित कोमट केलेले. पुन्हा करायचे झाले तर कुठले, असे विचारल्यावर जास्त लोकांनी दुसरे, म्हणजे जास्त वेळाचे निवडले. कारण शेवट बरा होता. माणूस प्रसंगाचा एकूण वेळ मोजून ठेवत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट लक्षात ठेवतो.

आपल्याकडे या शेवटाचीच हेळसांड होते. उद्घाटनाला तासभर सत्कार चालतात आणि शेवटी आभारप्रदर्शन सुरू असताना लोक खुर्च्या ओढत चपला शोधत असतात. भेटवस्तू द्यायचीच असेल तर बाहेर पडताना, दारात, दोन ओळखीच्या कार्यकर्त्यांनी हातात देऊन ‘पुढच्या वर्षी या हं’ असे म्हणणे, हे खुर्चीवर आधीच पुडके ठेवण्यापेक्षा कितीतरी बरे. याला जादा पैसे लागत नाहीत.

कुठल्या कार्यक्रमाला काय?

साहित्य संमेलनाला पुस्तक. यात नवीन काही नाही असे वाटेल, पण संमेलनात पुस्तकांचे स्टॉल लागलेले असतात आणि पाहुण्यांना मात्र फायबरचे स्मृतिचिन्ह दिले जाते, हेही आपण बघतोच. पुस्तकाला ‘ब्रँडिंग’ करायचे तर एक छोटी चिठ्ठी पुरते. संमेलनाचे नाव, कितवे संमेलन, अध्यक्षांचे नाव, तारीख, गाव. ही चिठ्ठी पहिल्या पानाच्या आत चिकटवायची. अध्यक्षांची सही घेतली तर उत्तमच. वीस वर्षांनी ते पुस्तक जुन्या बाजारात गेले तरी कडोलीचे नाव त्याच्यासोबत जाते. ऐकायला आलेल्या मंडळींना जाड कागदाचा बुकमार्क द्यावा, एका बाजूला कार्यक्रमपत्रिका आणि दुसऱ्या बाजूला गावच्या वाचनालयाची वेळ.

सोसायटीच्या वार्षिक सभेला स्टीलचा डबा ठरलेला. वाईट काही नाही, डबा वापरात येतो. पण रौप्यमहोत्सवी वर्ष असेल तर त्यावर स्थापनेचे वर्ष आणि पहिल्या दिवशी किती सभासद होते तो आकडा कोरता येतो. कागदपत्रे, पासबुक, ठेवपावत्या एकत्र ठेवायला चेन असलेली कापडी पिशवी दिली तर ती कपाटात जपून राहते. सोसायटीचा मूळ धंदा ठेवी सांभाळण्याचा. वस्तूने तेच सांगितले.

शेतकरी मेळाव्याला साधे पर्जन्यमापक द्यावे. जूनपासून रोज सकाळी शेतकरी त्यात किती मिलिमीटर पडला ते बघेल आणि शेजाऱ्याला सांगेल. नाहीतर गावच्या लोहाराकडून करून घेतलेले खुरपे, मुठीवर मेळाव्याचे वर्ष. शेतात टोपी उडून जाते, खुरपे राहते.

माजी विद्यार्थी मेळाव्याला त्या तुकडीचा जुना वर्गफोटो चांगला साफ करून, खाली सगळ्यांची नावे बरोबर लावून द्यावा. नावे जुळवताना जी फोनाफोनी होते, मेळाव्याची अर्धी गंमत त्यातच आहे.

आपल्या भागात काय मिळते

दिल्ली-मुंबईच्या कॅटलॉगमधून वस्तू मागवायच्या आधी आजूबाजूला नजर टाकावी. खानापूरची माती आणि कुंभारकाम प्रसिद्ध आहे. खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था तिथे आहे. चहाचा कुल्हड, पाण्याचा माठ, पणत्यांचा जोड, कार्यक्रमाप्रमाणे काहीही होऊ शकते. गोकाकची रंगवलेली लाकडी फळे आणि खेळणी जुन्या घरांच्या शोकेसमध्ये अजून दिसतात. शहापूर, वडगाव, खासबाग भागात विणकर आहेत. माग बंद पडत चालल्याच्या बातम्या आम्ही देत असतो, पण उपरणे, पंचा, टॉवेल, पिशवीचे कापड यांची ऑर्डर मात्र बाहेर जाते. गोड द्यायचे तर बेळगावचा कुंदा आहे, गोकाकचा करदंट आहे.

कोल्हापुरी चपलेचे तर आपल्याशी थेट नाते आहे. तिला मिळालेले भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांचे आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी आणि निपाणी भागातले कारागीर पिढ्यान् पिढ्या ही चप्पल करतात. जून २०२५ मध्ये मिलान येथील शोमध्ये प्राडाने तशीच चप्पल दाखवली आणि वाद झाला, तेव्हा कंपनीला प्रेरणा कोल्हापुरीवरून घेतल्याचे मान्य करावे लागले. जगभरात नाव झाले, पण आपल्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्याला आपण अजून काचेचे मोमेंटोच देतो. चप्पल भेट देणे कुणाला अवघड वाटेल. मग त्याच कारागिराकडून चामड्याचे डायरीचे कव्हर किंवा चाव्यांची कडी करून घ्यावी.

स्थानिक वस्तूचा आणखी एक फायदा असा की पैसा फिरून गावातच येतो. ज्याला ऑर्डर दिली तो पुढच्या वर्षी वर्गणीदार होतो.

हिशेब मांडून बघू

समजा, एका संमेलनाला भेटवस्तूंसाठी ४०,००० रुपये आहेत आणि ४०० माणसे येणार आहेत. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. सरळ भागाकार केला तर माणशी १०० रुपये. नाव छापलेला एक मग. सगळ्यांना सारखे वाटप झाले, कुणाची तक्रार नाही. पण घरात आधीच सहा मग आहेत.

आता दुसरी मांडणी. १५ पाहुण्यांना प्रत्येकी ५०० रुपयांची स्थानिक वस्तू आणि पुस्तक, झाले ७,५००. मांडव घालणारे, जेवण वाढणारे, गाड्या लावणारे ५० कार्यकर्ते, त्यांना १५० रुपयांचे विणकराकडचे उपरणे, झाले ७,५००. गावातल्या शाळांतल्या १०० मुलांना १०० रुपयांचे पुस्तक, झाले १०,०००. सगळ्या ४०० जणांना १० रुपयांचा चांगला बुकमार्क, झाले ४,०००. एकूण २९,०००. उरलेल्या ११,००० ची पुस्तके गावच्या वाचनालयाला, संमेलनाचा शिक्का मारून. पैसे तेवढेच, पण प्रत्येकाला त्याच्या भूमिकेप्रमाणे मिळाले.

यात कार्यकर्त्यांचा वाटा मुद्दाम घेतला आहे. व्यासपीठावरच्या माणसाला वर्षात पन्नास शाली मिळतात. वाढप्याला कुणी काही देत नाही. ते उपरणे तो पुढच्या वर्षी गळ्यात घालून हजर असतो.

कराचेही लक्षात ठेवावे. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार भेट म्हणून दिलेल्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे १०० रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के कर असेल तर ती ११८ रुपयांनाच पडली असे धरून अंदाजपत्रक करावे. व्यापारी संस्थांसाठी आणखी एक. धंद्याच्या निमित्ताने डीलर किंवा एजंटाला वर्षभरात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा लाभ दिला तर १० टक्के टीडीएसचा नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाला आहे. मोठ्या भेटी देणाऱ्यांनी आपल्या सीएला आधी विचारलेले बरे. आणि पैसे सभासदांचे असतील तर खर्चाला ठराव, तीन दरपत्रके आणि पक्के बिल हवेच. अहवालात ‘किरकोळ खर्च’ असे लिहून भागत नाही.

छपाईच्या खाचाखोचा

कापडी पिशवी किंवा टॉवेलवर स्क्रीन प्रिंटिंग स्वस्त पडते, पण प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन लागतो. म्हणून एका रंगातले बोधचिन्ह तयार ठेवावे. लाकूड, स्टील, चामडे यांवर लेझरने कोरलेले नाव पुसले जात नाही. स्टिकर लावायचा असेल तर वस्तू धुण्याची नको.

मराठी मजकुराचे दुखणे वेगळेच. जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाइप केलेली फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरे तुटतात. ‘ऱ्य’ आणि ‘ळ्ळ’ तर हमखास. येळ्ळूरचे कार्यकर्ते हे मान्य करतील. फाईल पाठवताना अक्षरे कर्व्हमध्ये करून पाठवावीत आणि छापण्यापूर्वी एक नमुना हातात घेऊन मोठ्याने वाचावा. साहित्य संमेलनाच्या पिशवीवर ‘साहीत्य’ छापून आले तर त्याची आठवण मात्र नक्की राहते! पाहुणे कन्नड भाषिक असतील तर एक ओळ कन्नडमध्ये घालायला हरकत काय? आपली भाषा त्याने कमी होत नाही, भेट घेणाऱ्याला मात्र वाचता येते.

नाव केवढे असावे? वस्तू वापरणाऱ्याला लाज वाटणार नाही एवढे. पिशवीच्या दोन्ही बाजूंना पदाधिकाऱ्यांचे फोटो असतील तर ती पिशवी घेऊन बाजारात कोण जाईल? कोपऱ्यात बोधचिन्ह, खाली गाव आणि वर्ष, बस.

दैवते, महापुरुष, राष्ट्रध्वज यांच्या चित्रांबाबत सांभाळून. कागदी पंखा, टिशू, खाण्याचे खोके असे जे शेवटी पायाखाली किंवा कचऱ्यात जाते, त्यावर छत्रपतींचे चित्र नको. राष्ट्रध्वज उशी, रुमाल, नॅपकिन यांवर छापायला ध्वजसंहितेची मनाईच आहे.

प्लास्टिकचेही तसेच. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. त्यात सजावटीचा थर्माकोल, प्लास्टिकचे झेंडे, मिठाईच्या खोक्यावरचे आणि निमंत्रणपत्रिकेवरचे प्लास्टिकचे वेष्टन येते. कर्नाटकात तर प्लास्टिकच्या पिशव्या आणि फ्लेक्सवर २०१६ पासूनच निर्बंध आहेत. भेटवस्तू चकचकीत वेष्टनात गुंडाळण्यापेक्षा कापडी पिशवीत दिली की वेष्टन हीच दुसरी भेट.

वेळेचे गणित महत्त्वाचे. कारागिराकडून वस्तू करून घ्यायची तर किमान दोन महिने आधी सांगावे. आठ दिवसांवर कार्यक्रम आला की मग बाजारात जे तयार आहे तेच मिळते, आणि तयार असते ते फायबरचे स्मृतिचिन्ह. बऱ्याच संस्थांची चूक निवडीत नसून उशिरात असते.

न देणे हाही पर्याय

काही कार्यक्रमांना भेटवस्तूची गरजच नसते. १९४६ मध्ये बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झाले. त्यात पाहुण्यांना काय दिले हे आज कुणी सांगत नाही. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव मात्र सगळ्यांना माहीत आहे. २००० साली य. दि. फडके अध्यक्ष असताना बेळगावात पुन्हा अखिल भारतीय संमेलन भरले, तेही लोकांना आठवते ते विचारांमुळे. कार्यक्रमातच दम नसेल तर सोन्याची वस्तू देऊनही तो लक्षात राहणार नाही.

पण आजची परिस्थिती अशी आहे की सीमाभागात मराठी शाळांचे पट राखताना शिक्षक-पालकांची दमछाक होत आहे. अशा वेळी गावच्या संमेलनाला आलेला सहावी-सातवीतला मुलगा घरी जाताना हातात काय घेऊन जातो, याला महत्त्व आहे. चॉकलेटचे पाकीट घरी पोचेपर्यंत संपते. स्वतःचे नाव आणि गावच्या संमेलनाचे नाव एकाच पानावर असलेले मराठी पुस्तक त्याच्या दप्तरात राहते. त्याला ते वाचावेसे वाटले, तर पुढच्या दहा वर्षांत त्या मांडवात बसणारा एक श्रोता तयार झाला.

यंदाच्या कार्यक्रमांची पहिली बैठक अनेक गावांत होईल तेव्हा खर्चाच्या यादीत ‘स्मृतिचिन्हे’ असा रकाना येईलच. त्यापुढे आकडा घालण्याआधी एवढेच विचारावे : ही वस्तू पुढच्या वर्षी कुठे असेल? उत्तर ‘कपाटावर’ असे आले तर यादी पुन्हा करावी. अजून वेळ आहे.